निलगिरीची फळी

कळमन्याच्या स्टेशनाजवळ उभे राहिले म्हणजे आगगाडीचे रूळ सिमेंटच्या स्लीपरांवर बसवलेले दिसतात. पूर्वी हे स्लीपर लाकडाचे असत. आपले साल आणि साग होतेच. पण रेल्वेला लाकूड इतके लागे, की ते जहाजाने ऑस्ट्रेलियातूनही येई. त्या लाकडाचे नाव जर्राह.

जर्राह लाल, जड आणि चिवट. पुरते वाळल्यावरही त्याचा घनफूट सुमारे २३ किलो भरतो. सागाचा १८ च्या आसपास. वाळवी, म्हणजे आपली उधई, त्याला सहसा तोंड लावत नाही. लंडन शहरात एके काळी रस्त्यांवर या लाकडाचे ठोकळे बसवले होते. त्यांवरून घोडागाड्या धावत. मग घराच्या जमिनीला ते चालते हे काय सांगावे!

आता गंमत पाहा. जर्राह हा आपल्या निलगिरीचाच भाऊबंद. निलगिरीही मूळची ऑस्ट्रेलियाची. १८४३ साली ती निलगिरी डोंगरात लावली गेली. म्हणून आपण तिला डोंगराचेच नाव दिले.

तर मग बांधावरची निलगिरी कापून माडीला तक्तपोशी का करू नये? आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने केली. आरागिरणीतून फळ्या आणल्या आणि ओल्याच ठोकल्या. उन्हाळा आला तशा त्या आखडल्या, उलल्या, काही पिळल्या. बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. माडीवरची तूर खाली चुलीपाशी गळू लागली. पैसे गेलेच, वर सुताराशी भांडण. सुताराचा एकट्याचा दोष होता असे आम्हांला वाटत नाही.

जर्राहचे झाड रानात शेकडो वर्षे वाढलेले असे. बांधावरची निलगिरी सात-आठ वर्षांची पोर. तिच्यात पक्का गाभा थोडा आणि पांढरे लाकूड फार. पांढऱ्याला उधई लागते. शिवाय लाकडातले पाणी उडाले की फळी रुंदीला आखडते. लांबीला जवळजवळ आखडत नाही. म्हणून फट पडते ती दोन फळ्यांच्या मध्ये.

झाड जुने व जाडजूड असेल तरच फळ्या काढा. त्या सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, मधे पट्ट्या घालून रचा. टोकांना डांबर फासा, वर वजन ठेवा. एक फळी काट्यावर तोला. तारीख आणि वजन खडूने तिच्यावरच लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा तोला. वजन घटत असेल तर फळीत अजून पाणी आहे. पावसाळ्यातले वजन मात्र धरू नका. इंचभर जाड फळीला वर्षही लागते. मग रंधा मारा. खिळ्याआधी गिरमिटाने भोक पाडा, नाहीतर फळीचे टोक फाटते.

बारीक झाडांच्या फळ्या काढू नका. त्यांच्या बल्ल्या बांधकामाच्या परांचीला खपतात.