पुतळा नव्हता तो

डिसेंबर १९७६. कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या ‘द पाइक’ या करमणूक नगरीत ‘द सिक्स मिलियन डॉलर मॅन’ या टीव्ही मालिकेचं चित्रीकरण चाललं होतं. तिथल्या ‘लाफ इन द डार्क’ भूतबंगल्यात फासाला लटकवलेला एक रंगवलेला पुतळा होता. तो हलवताना हात निखळला आणि आत हाड दिसलं.

तो एल्मर मॅकर्डी होता. १९११ साली ओक्लाहोमात आगगाडी लुटल्यावर पाठलाग करणाऱ्यांच्या गोळीने मेलेला. प्रेत न्यायला कुणी आलं नाही, तेव्हा आर्सेनिक भरून टिकवलेला तो देह अंत्यविधी करणाऱ्यानेच पैसे घेऊन दाखवायला सुरुवात केली. १९१६ मध्ये जत्रेच्या खेळवाल्यांनी ‘आम्ही त्याचे भाऊ’ अशी थाप मारून तो नेला. पुढे मालक बदलत गेले आणि हा माणूस आहे, हेच लोक विसरले. भयपटातला कुठलाच भूतबंगला मला याहून भीषण वाटत नाही. इथे लहान मुलंसुद्धा खऱ्या मृतदेहासमोरून किंचाळत, हसत गेली असतील.

त्याच्या तोंडात १९२४ चं नाणं आणि जुन्या गुन्हेगारी संग्रहालयाचं तिकीट सापडलं. १९७७ मध्ये ओक्लाहोमातल्या गथ्री गावी त्याला पुरलं. पुन्हा कुणी उकरू नये म्हणून शवपेटीवर काँक्रीट ओतलं.