केगमधली बिअर : निवळण आणि फेस

आंबण्याची क्रिया संपली की घरी बनवलेली बिअर चवीला तयार असते, पण दिसायला गढूळ आणि फेसाअभावी जिभेला मिळमिळीत लागते. गढूळपणा दोन गोष्टींचा असतो. एक तरंगणाऱ्या यीस्टचा. दुसरा माल्टमधली प्रथिने आणि पॉलिफिनॉल थंडीत एकमेकांना धरून जे धुके तयार करतात त्याचा.

हे दोन्ही दोष केगमध्ये, म्हणजे दाब सहन करणाऱ्या पिंपात, दूर करता येतात. अमेरिकेत १९७८ मध्ये घरच्यापुरती बिअर बनवण्याला केंद्रीय कायद्याने मोकळीक दिली. शीतपेयांच्या सिरपसाठी बनलेल्या, सुमारे १९ लिटरच्या स्टीलच्या ‘कॉर्नी’ केग जुन्या बाजारात येऊ लागल्यावर तिथल्या हौशी मंडळींनी त्या उचलल्या. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे हा गुन्हा आहे.)

निवळण्याचे पहिले साधन थंडी. केग १ ते २ अंश सेल्सियसवर काही दिवस हलवाहलव न करता ठेवली, की यीस्ट गोळा होऊन तळाशी बसते. घाई असेल तर जिलेटिन वापरतात. अर्धा ते एक चमचा जिलेटिन पाण्यात भिजवून, न उकळता सुमारे ६५ ते ७० अंशांपर्यंत तापवून थंड बिअरमध्ये ओततात. बिअरच्या आम्लतेत जिलेटिनवर धन विद्युतभार असतो आणि यीस्टवर ऋण. दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि जड होऊन खाली जातात. जिलेटिन प्राणिज असते, आणि ब्रिटनमध्ये याच कामासाठी वापरतात ते आयसिंग्लास माशाच्या वाताशयापासून बनते. शाकाहारी पाहुण्याला हे आधी सांगणे आवश्यकच आहे.

फेसासाठीही थंडीच लागते, कारण द्रव जितका थंड आणि वायूचा दाब जितका जास्त, तितका कार्बन डायऑक्साइड अधिक विरघळतो. दाबाचा हा नियम विल्यम हेन्री याने १८०३ मध्ये मांडला. सुमारे ४ अंशांवर दाब ठरवणारा रेग्युलेटर १२ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचे एकक) लावून केग कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला जोडून ठेवली, तर एक-दोन आठवड्यांत लिटरमागे अंदाजे ५ ग्रॅम वायू विरघळतो. बहुतेक एल बिअरला तेवढा पुरतो. त्यानंतर कितीही दिवस गेले तरी वायू वाढत नाही, म्हणून हीच रीत सर्वांत भरवशाची. ३० पीएसआयवर एक-दीड दिवसातही काम होते, पण दाब वेळेवर उतरवला नाही तर ग्लासात निव्वळ फेस पडतो. केग गदगदा हलवूनही वायू लवकर विरघळतो. मात्र खाली बसलेला गाळ त्याने पुन्हा वर येतो आणि निवळण्याची मेहनत वाया जाते.

वायू सोडण्यापूर्वी केगमधली हवा झडपेतून दोन-तीनदा बाहेर काढावी लागते, नाहीतर ऑक्सिजनमुळे बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. बिअर वर नेणारी नळी तळापर्यंत पोचते, म्हणून पहिले एक-दोन ग्लास गढूळच निघतात. ते ओतून द्यावेत. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती तपासावी. बंद खोलीत साचलेला कार्बन डायऑक्साइड जिवावर बेततो.