भुंगे किती होते?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) भुंग्यांचे एक सुरेख गणित आहे. थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलीन्ध्राच्या फुलांवर आणि या दोन हिश्श्यांतल्या फरकाची तिप्पट कुड्यावर. मागे उरला एक भुंगा. मग एकूण किती?

शाळेत इथे ‘क्ष’ मानतात. ‘लीलावती’ची रीत मात्र सोयीची कोणतीही संख्या धरते. समजा, ३०. मग ६, १० आणि १२ मिळून २८ गेले, उरले २. प्रत्यक्षात उरला १, म्हणजे निम्मा. म्हणून थवाही निम्मा, १५ चा. चुकीच्या अंदाजातूनच अचूक उत्तर निघते, हे किती देखणे!

वाटेत ‘आणखी ५ भुंगे येऊन मिळाले’ असे असते, तर मात्र हे सरळ प्रमाण मोडले असते. तिथे ही रीत थेट लागू पडत नाही.