जपणं अंगाशी येतं

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझी पाठ पुन्हा धरली. ओळखीच्या कुणीतरी एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे पाठवलं. मुलगी म्हणजे वयाने माझ्या लेकीएवढी. पाठीला हात लावण्याआधी तिने माझ्यापुढे एक छापील कागद ठेवला. १७ विधानं आणि प्रत्येकापुढे चार रकाने, ‘मुळीच पटत नाही’पासून ‘पूर्ण पटतं’पर्यंत. हालचाल केली तर आपल्याला इजा होईल अशी भीती वाटते का, दुखतंय त्या अर्थी आत काहीतरी बिघडलेलं असणारच असं वाटतं का, अशा धर्तीची. अर्धं आयुष्य लोकांकडून फॉर्म भरून घेण्यात गेल्यामुळे मला कागदाचं भय नाही. पटापट खुणा केल्या. तिने बेरीज मांडली. ४६.

यात कमीत कमी १७ आणि जास्तीत जास्त ६८ गुण मिळतात आणि ३७च्या वर गेलं की भीती जास्त आहे असं सहसा धरतात, हे तिने सांगितलं. मग म्हणाली, “काका, तुमची पाठ मी अजून बघितलेली नाही. पण तुम्ही तिला फार घाबरता.”

मला राग आला. तीस वर्षांहून अधिक काळ ज्या पाठीला मी तळहातावरच्या फोडासारखं जपलं, तिच्याबद्दल ही काल डिग्री घेतलेली पोरगी मला सांगणार!

गोष्ट १९९१च्या सप्टेंबरअखेरची. मी कऱ्हाडच्या शाखेत होतो. आमच्याकडे संगणक अजून यायचा होता. अर्धवार्षिक हिशेबात बचत खात्यांचा मेळ लागत नव्हता. फरक होता सात रुपये वीस पैशांचा. रात्री नऊच्या सुमाराला जुनं लेजर काढायला स्ट्राँगरूममध्ये खालच्या फळीशी वाकलो आणि पाठीत अशी उसण भरली की तसाच ओणवा राहिलो. हेडकॅशियर आणि शिपाई या दोघांनी धरून मला रिक्षात घातलं. (फरक दुसऱ्या दिवशी सापडला. कुणीतरी ९.१० ऐवजी १.९० लिहिले होते. फरकाला नऊने भाग जातो हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं, म्हणजे वाकावंच लागलं नसतं. असो.)

डॉक्टरांनी तीन आठवडे फळीवर झोपवलं. संडासापुरतं उठायचं. ‘मणक्यातली गादी सरकली आहे, आता जन्मभर जपायचं,’ असं बजावलं. मी आज्ञाधारक माणूस. पट्टा आला, मांडी घालून बसणं गेलं, पंगतीत माझ्यासाठी वेगळी खुर्ची मांडली जाऊ लागली. प्रवासात माझी बॅग दुसऱ्याच्या हातात. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. ‘बाबांना उचल म्हणायचं नाही, त्यांच्या पाठीला लागेल,’ असं तिला शिकवलं. ती शिकली. त्यानंतर तिने मला कधीच उचल म्हटलं नाही.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्या काळी बहुतेक ठिकाणी हेच सांगत. शंका मात्र जुनी होती. रिचर्ड अॅशर नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९४७ सालीच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रोग्याला अंथरुणात ठेवण्याचे तोटे सांगणारा लेख लिहिला होता. पुढे १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठदुखीच्या २०३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला दोन दिवस विश्रांती सांगितली, दुसऱ्याला सात दिवस. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले आणि बाकी बाबतींत दोघांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे मी फळीवर आढ्याकडे बघत पडलो होतो तेव्हा हे छापून पाच वर्षं झाली होती.

१९९५चा हेलसिंकीचा प्रयोग मला जास्त आवडला, कारण त्यातले रुग्ण आमच्यासारखेच नोकरदार होते, त्या शहराच्या पालिकेचे कर्मचारी. पाठ नुकतीच धरलेले १८६ जण. काहींना दोन दिवस अंथरुण, काहींना पाठीचे व्यायाम, आणि तिसऱ्या गटाला फक्त इतकंच सांगितलं की सोसेल तितकी रोजची कामं करत राहा. हा तिसरा गट सगळ्यांत लवकर बरा झाला. अंथरुणवाले सगळ्यांत उशिरा.

मग ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’ या आपल्या घरोघरच्या वाक्यांचं काय? १९९४ साली अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांच्या मणक्यांचे एमआरआय काढले. त्यांतल्या ५२ टक्क्यांच्या निदान एका चकतीला फुगवटा होता. माणसं मजेत होती! फोटोत दिसतं ते खोटं नसतं. पण दुखण्याचं कारण तेच आहे असा हिशेब लगेच मांडता येत नाही. वयाबरोबर केस पांढरे व्हावेत तशा चकत्याही झिजतात. मी मात्र प्रत्येक कळ म्हणजे आतल्या मोडतोडीची पावती समजत आलो होतो.

या समजुतीचा अभ्यास हॉलंडमधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात योहान व्लायेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. दुखलं की माणूस घाबरतो, घाबरला की हालचाल टाळतो, टाळली की स्नायू सुस्तावतात, मग थोड्या श्रमानेही दुखतं आणि भीती खरी ठरते. त्यांनी रोजच्या कामांची छायाचित्रं जमवली. रुग्णाने ती धोक्याच्या क्रमाने लावायची, आणि मग कमी भीतीच्या कामापासून सुरुवात करून ती प्रत्यक्ष करून बघायची. माझ्या फिजिओथेरपिस्टनेही हेच केलं, पण छायाचित्रांवाचून. मला धोक्याची यादी करायला सांगितली. सगळ्यांत वर काय लिहिलं ते सांगायला लाज वाटते. खालच्या फळीवरचं पुस्तक काढणं.

बँकेत आम्ही जोखीम तोलण्याचा पगार घ्यायचो. कर्जाचा एकही अर्ज मंजूर न करणारा एक शाखाधिकारी मी पाहिला आहे. त्याच्या शाखेत बुडीत कर्ज नव्हतं आणि तो ते अभिमानाने सांगायचा. शाखेत धंदाही नव्हता. त्याला आम्ही हसायचो. घरी येऊन मी पाठीच्या बाबतीत तेच करत होतो.

माझ्या पाठीपुरतं हे राहिलं असतं तर हा लेख लिहिला नसता. २००९ साली आई न्हाणीघरात घसरली. वय ७६. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही, नुसता मुका मार. पण मी घाबरलो, आणि घरातला जोखीम-अधिकारी मीच. मग एकेक काम तिच्या हातून काढून घेतलं. भाजी आणायला जाणं बंद, कारण वाटेत खड्डे. देवघरात पाटावर बसणं बंद, खुर्ची आणली. विळी माळ्यावर गेली. फोन वाजला तरी ‘आई, तू बस, आम्ही बघतो.’ एकदा ती म्हणाली, “अरे, निदान भाजी निवडून तरी देऊ दे.” निवडायला दिली, पण खुर्चीत बसून.

पुढच्या दीड वर्षात तिच्या मांड्या काटकीसारख्या झाल्या. तेव्हा आम्ही म्हणायचो, वय झालं. २०११च्या मार्चमध्ये दाराची घंटा वाजली म्हणून ती पलंगावरून उठून वळली आणि पडली. ना पाणी, ना पायरी; कोरड्या फरशीवर. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ती चौदा महिने होती, त्यांतले बहुतेक अंथरुणात.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी यांनी वृद्धांच्या पडण्याचा अभ्यास केला. १९९० साली त्यांनी म्हाताऱ्या माणसाला विचारायची दहा कामांची यादी छापली. न पडता हे करता येईल असा तुम्हाला कितपत विश्वास वाटतो, एवढंच विचारायचं. आंघोळ करणं, कपडे घालणं, कपाटातलं काढणं, स्वयंपाक, हलकं घरकाम, दाराला किंवा फोनला उठणं, किरकोळ खरेदी. ही यादी वाचताना मी मध्येच थांबलो. यातलं एकेक आम्ही आईच्या हातून काढून घेतलं होतं. २००२ साली छापलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या एका पाहणीत असं दिसलं की पडलेल्या माणसाला पुढे भीती बसते. आणि जो अजून पडलेला नाही पण घाबरलेला आहे, त्याचीही पुढे पडण्याची शक्यता वाढते.

उपायही तपासलेले आहेत. टिनेटी यांनी १९९४ साली ७०च्या वरच्या ३०१ जणांवर प्रयोग केला. औषधांची फेरतपासणी, उठण्याबसण्याच्या सूचना आणि ताकद-तोल वाढवणारे व्यायाम. वर्षभरात या गटातले ३५ टक्के पडले, दुसऱ्या गटातले ४७ टक्के. २०१९ साली अशा १०८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. व्यायामामुळे आपापल्या घरी राहणाऱ्या वृद्धांच्या पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटतं असं त्यात निघालं. खुर्चीतून हात न टेकता उठणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, असे साधे व्यायाम. आमच्या स्वयंपाकघरात ओटा होता.

आईचं दुसरं पडणं आमच्या जपण्यामुळेच झालं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, हेही खरं. एका माणसावरून असा निकाल लागत नाही, हे या सगळ्या वाचनातून शिकलो. तरी रात्री झोप लागत नाही तेव्हा ही टक्केवारी उपयोगी पडत नाही.

हे वाचून कुणी उद्या कुणाची पाठ धरली की ‘ऊठ, चाल’ म्हणून मागे लागू नये. पाठदुखीबरोबर पायातली शक्ती जाऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावं. ताप, कारण नसताना उतरणारं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्यानंतरची कळ, यांनाही नुसती भीती म्हणून झटकू नये. आणि दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालाला किंवा उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईला ‘हालचाल ठेवा’ हा सल्ला देणं म्हणजे चेष्टाच. तिला हालचाल कमी पडलेली नाही. विसावा कमी पडला आहे. हे सगळे प्रयोग वाचताना ही बाई मला फारशी कुठे भेटली नाही.

माझं म्हणाल तर चार महिन्यांत ४६चे ३१ झाले. पाठ अजून अधूनमधून दुखते. नातू पाच वर्षांचा आहे, म्हणजे उचलून घ्यायचं त्याचं वय संपत आलं. त्याला पहिल्यांदा उचललं तेव्हा त्याची आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही.

परवा सकाळी ही जिना उतरताना गुडघा धरून थांबली. गेले काही महिने तिचा गुडघा कुरकुरतोय. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, “तू बस, भाजी मी आणतो.” तिने माझ्याकडे पाहिलं. “अहो, आईंनाही हेच म्हणायचात,” म्हणाली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली. मी दाराला कुलूप लावलं आणि दुसरी पिशवी घेऊन मागोमाग निघालो.