ॲप कुणाकडून करून घ्यायचं?

मार्च लागला की आपल्या वेंगुर्ले तालुक्यात काजू युनिटवरचा वजनकाटा दिवसभर थांबत नाही. बी आली की वजन, वाळली की वजन, फोडून झाली की वजन, सोलल्यावर प्रत्येकीच्या टोपलीचं वजन, प्रत आणि पाकळी वेगळी केली की पुन्हा वजन. सोलणाऱ्या बायकांची मजुरी किलोवर, त्यामुळे काट्यावरचा आकडा वहीत नीट उतरला नाही तर कुणाचे तरी पैसे जातात. आमचा बायकांचा गट हेच काम करतो. वहीची तारांबळ नको म्हणून आम्ही ॲप करून घ्यायचं ठरवलं. पहिल्या वेळी फसलो. दुसऱ्या वेळी कसं निवडलं, ते आज सांगणार आहोत. मसाल्याचा गट असो, कोकमाचा असो की शिवणाचा, हिशोबासाठी कुणाकडून सॉफ्टवेअर करून घेत असाल तर उपयोगी पडेल.

पहिलं काम दिलं ते शहरातल्या एकाला. त्यानं आधी केलेल्या ॲपचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, रंग छान होते, आम्ही निम्मे पैसे आधी दिले. हंगाम सुरू झाला आणि आठवड्यातच पडद्यावर लाल अक्षरं यायला लागली, 'तूट'. खरेदीत शंभर किलो बी, वाळवून गोदामात गेली ती कमी. सोलायला दिलेला माल एवढा, परत आला तो त्याहून कमी. एकमेकींकडे बघायला लागलो. "वजन खंय गेला?" एवढंच कुणीतरी विचारलं, पण ज्या आजी वर्षानुवर्षं सोलायचं काम करतात त्या दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. घरी जाऊन त्यांची समजूत काढावी लागली.

वजन कुठेच गेलं नव्हतं. ताजी बी उन्हात वाळली की पाणी उडतं, वजन घटतं. फोडल्यावर टरफल जातं. चार किलो बीतून गर मिळतो साधारण एक किलो. ड्रायरमधून काढलेला गर सोलताना वरची तांबडी साल निघते, ते वजन जातं. आणि तोच कडक गर प्रत लावायच्या आधी थोडा दमट करून घेतला की वजन किंचित वाढतं! काजूच्या घरात वाढलेल्या मुलीला हे सांगावं लागत नाही. ॲप करणाऱ्याला वाटलं, बिस्किटाच्या पुड्यासारखं, दहा आले तर दहाच जायला हवेत. त्यानं विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. चूक अर्धी आमची.

यात हसण्यासारखं काही नाही. ब्रिटनमध्ये पोस्ट खात्यानं १९९९ पासून गावोगावच्या पोस्टांत होरायझन नावाची संगणक प्रणाली बसवली, फुजित्सू कंपनीची. ती हिशोबात तूट दाखवायची आणि पोस्ट चालवणाऱ्या माणसानं ती खिशातून भरायची. हॅम्पशायरमधल्या एका खेड्यातल्या जो हॅमिल्टन यांनी मदतीसाठी फोन लावला, समोरच्याने सांगितलं तसं केलं, आणि दोन हजार पौंडांची तूट त्यांच्या डोळ्यांदेखत चार हजार झाली. अशा नऊशेहून जास्त लोकांवर गुन्हे शाबीत झाले, काही जण तुरुंगात गेले. प्रणालीतच दोष होते हे ५५५ जणांनी लढलेल्या खटल्यात कोर्टानं मान्य केलं ते डिसेंबर २०१९ मध्ये. वीस वर्षं! कंपनीची माणसं दुरून पोस्टाच्या हिशोबात बदल करू शकत होती आणि त्याचा पोस्ट चालवणाऱ्याला पत्ता लागत नव्हता, हेही बाहेर आलं. म्हणजे यंत्राचा आकडा आणि बाईचा शब्द समोरासमोर आले की लोक आकड्यावर विश्वास ठेवतात. म्हणून तो आकडा तयार करणारा माणूस कोण, हे पारखून घ्यायचं.

आता दुसऱ्या वेळचं. सुरुवातीला आम्ही एक गोष्ट ठरवली, सगळं नव्यानं करून घ्यायचं नाही. बिलं, जीएसटी, बँक यासाठी तयार सॉफ्टवेअर मिळतं. टॅली बहुतेक हिशोबनीसांना येतं. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट मुक्त परवान्यावर आहे, म्हणजे परवान्याचे पैसे नाहीत, पण ते बसवायला आणि सांभाळायला माणूस लागतो, त्याचे पैसे द्यावे लागतात. आम्हाला खास करून घ्यायची होती ती फक्त काट्यापासून मजुरीपर्यंतची वाट. मागणी लहान केली तसा खर्चही उतरला.

तिघांना विचारलं. एक कुडाळचा, एक पणजीचा, एक पुण्याची कंपनी. तिघांना वहीचं एकच पान दिलं, एप्रिलमधल्या एका दिवसाचं, आणि एक दिवस युनिटवर यायला सांगितलं. जाण्यायेण्याचा खर्च आमचा. पुण्याच्या कंपनीनं न येताच जाडजूड कागद पाठवला, त्यात काजू हा शब्द दोनदा होता. एक जण आला आणि दिवसभर आपल्या जुन्या कामांबद्दल बोलला. तिसरी मुलगी काट्याजवळ स्टुलावर बसून राहिली. तिनं विचारलं, पाकळी निघाली तर मजुरी कमी का? अख्ख्याची मजुरी कोण ठरवतं? वीज गेली तर वजन कुठं लिहिता? चुकून जास्त लिहिलं गेलं तर खोडता कसं? शेवटचा प्रश्न ऐकला आणि आमचं ठरलं. काम देताना गोड बोलणारा शोधू नका. तुमच्या कामाबद्दल अडचणीचे प्रश्न विचारणारा शोधा.

तरी लगेच पूर्ण काम दिलं नाही. दोन आठवड्यांचं लहान काम पैसे देऊन करून घेतलं, फक्त सोलणीच्या वजनाची नोंद. वही आणि ॲप दोन्ही चालू ठेवले, रोज संध्याकाळी जुळवून बघितले. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा पिशवीतला माल कुठल्या बागेतून आला हे गिऱ्हाईक विचारू शकतं. म्हणून पिशवीवरच्या लॉट नंबरावरून मागे शेतकऱ्यापर्यंत जाता येतं का, तेही याच चाचणीत पाहिलं. आणि इंटरनेट बंद करून पाहिलं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, आठवतंय ना? नोंद फोनमध्ये साठून राहिली पाहिजे, रेंज आली की पुढे गेली पाहिजे.

मग करार. इथं बायका गप्प बसतात, म्हणून जरा सविस्तर. आपण पैसे दिले म्हणजे सॉफ्टवेअर आपलं, असं वाटतं ना? कायदा तसं म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सॉफ्टवेअर साहित्यकृतीतच धरलं आहे, आणि बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं तर साधारणपणे पहिला मालक तो लिहिणारा. आपल्या नावावर हवं असेल तर लेखी आणि त्याच्या सहीनं करून घ्यावं लागतं. त्यातही मुदत लिहिली नाही तर ते पाचच वर्षांसाठी धरलं जातं, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारतापुरतं. एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ हवी. तो माणूस मालकी द्यायला तयार नसेल तर निदान मूळ प्रोग्रामची प्रत आणि दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेण्याचा हक्क तरी मागा. आमच्या मुलीनं जे भाग ती सगळ्यांसाठी वापरते ते स्वतःकडे ठेवले, बाकी आम्हाला दिलं. ते रास्त वाटलं.

दुसरी गोष्ट कायद्याची नाही, चावीची आहे. वेबसाइटचं नाव, सर्व्हरचं खातं, प्ले स्टोअरचं खातं गटाच्या ईमेलवर उघडा, आणि ओटीपी येणारा नंबर गटाच्या फोनचा ठेवा. पहिल्या माणसाशी बिनसलं तेव्हा हे सगळं त्याच्या नावावर होतं, आमच्या पूर्ण हंगामाच्या नोंदी त्याच्या हातात. आता महिन्याला एकदा सगळ्या नोंदी एक्सेलच्या फाइलमध्ये उतरवून घेतो. मराठी नावं युनिकोडमध्येच असावीत, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडताना नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात. आणि चाचणीसाठी सभासदांचे खरे आधार नंबर, बँक खाती देऊ नका, खोटी नावं घालून चाचणी होते.

तिसरी, खोडण्याची. नोंद पुसता येऊ नये. बदलली तर कुणी, कधी, आधी काय होतं, ते दिसावं. तुमची उत्पादक कंपनी असेल तर हे ऐच्छिक नाही. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची अशी नोंद असावीच लागते, आणि ती बंद करता येता कामा नये. आमच्याकडे सोलणारी प्रत्येक बाई आपलं वजन पडद्यावर बघते, मगच नोंद पक्की होते. ॲपमध्ये तूट हा शब्दच नाही. 'वाळण्यातली घट' आहे, आणि मागच्या हंगामाच्या मानानं ती फार वेगळी असेल तरच खूण येते, तीही गटाच्या सगळ्यांना एकदम.

पैसे चार हप्त्यांत दिले. शेवटचा हप्ता ऐन हंगामाचा एक महिना नीट गेल्यावर. त्यापुढे वर्षाची देखभाल किती, बिघडलं तर किती वेळात बघणार, ती आजारी पडली किंवा लग्न होऊन लांब गेली तर दुसरं कोण बघणार, हेही लिहून घेतलं. शेवटचं वाक्य तिनंच सुचवलं आणि हसली. कुडाळ जवळ की पुणे जवळ, हा हिशोब तसा महत्त्वाचा नाही. काम एकाच माणसाच्या डोक्यात आहे का, हे बघायचं.

त्या आजी आता परत येतात. ॲपवर त्यांचा भरवसा नाही, त्या अजून टोपलीमागे भिंतीवर कोळशाची एक रेघ मारतात आणि संध्याकाळी मोजतात. आतापर्यंत दोनदा त्यांच्या रेघा बरोबर निघाल्या आणि नोंद चुकलेली. दोन्ही वेळा चूक लिहिणाऱ्या आम्हीच होतो, आणि कुणी लिहिलं तेही पडद्यावर दिसत होतं. कराराची मराठी प्रत युनिटवर ठेवली आहे. कुणाला बघायची असेल तर या, फक्त दुपारी काट्याच्या वेळी नको.