कळ, खूण आणि सवय

लिहिलेला मजकूर एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी बसविणे, हे काम लेखनकलेइतकेच जुने आहे. पोथी उतरविताना एखादा शब्द गळला, तर जुना लेखक त्या जागी काकपद करी. कावळ्याच्या पायासारखी ती लहानशी खूण असे, आणि गळलेली अक्षरे तो समासात लिहून ठेवी. लखनौ शहरात १८५८ साली मुन्शी नवलकिशोर यांनी छापखाना काढला, तेव्हा तेथील शिळाछापाची सारी मदार कातिबाच्या हातावर होती. पानभर मजकूर तो आपल्या वळणदार अक्षरात उतरवी आणि तेच अक्षर दगडावर उमटे. खिळ्यांचे छापखाने होते, पुढे टंकलेखनयंत्रे आली. तरी संपादकाच्या मेजावर कात्री आणि खळ ही दोन साधने कायम राहिली. परिच्छेद मागेपुढे करावयाचा असला, म्हणजे कागद कापावा आणि खळ लावून हव्या त्या जागी चिकटवावा, ही रीत सर्वत्र होती.

आज संगणकावर हेच काम दोन बोटांनी होते. एक बोट 'कंट्रोल' या कळीवर आणि दुसरे 'सी'वर ठेवले, की मजकुराची नक्कल होते. 'सी'ऐवजी 'व्ही' दाबली, की ती नक्कल हव्या त्या ठिकाणी उमटते. कचेरीतील लेखनिकापासून शाळकरी मुलापर्यंत सर्वांना हा संकेत ठाऊक असतो. परंतु हीच अक्षरे का निवडली गेली, आणि एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर गेले असता हीच खूण कधी निरुपयोगी, तर कधी विपरीत का ठरते, याचा विचार क्वचितच केला जातो.

या संकेताचा उगम अमेरिकेत झाला. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधनकेंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७४-७५ च्या सुमारास 'जिप्सी' नावाची एक लेखनप्रणाली तयार केली. ती पुस्तके प्रसिद्ध करणाऱ्या एका संस्थेतील संपादकांसाठी होती. म्हणून त्या दोघांनी आधी संपादक काम कसे करतात, हे पाहिले. कात्री आणि खळ यांच्या साहाय्याने चाललेले ते काम त्यांनी जसेच्या तसे पडद्यावर आणले. 'कापणे' आणि 'चिकटविणे' हे शब्द यंत्रज्ञांनी नव्याने घडविलेले नाहीत. ते संपादकाच्या मेजावरून आलेले आहेत.

पुढे टेस्लर ॲपल कंपनीत गेले. तेथे १९८३ साली 'लिसा' आणि १९८४ साली 'मॅकिंटॉश' हे संगणक बाजारात आले, आणि त्यांच्याबरोबर झेड, एक्स, सी, व्ही ही चौकडी रूढ झाली. इंग्रजी कळफलकाच्या खालच्या ओळीत या चार कळा डाव्या हाताशी ओळीने येतात, ही पहिली सोय. 'सी' हे नकलेच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर. 'एक्स' म्हणजे खोडण्याची फुली. आणि 'व्ही'? मुद्रितशोधक जेथे शब्द घालावयाचा तेथे जी खूण करतो, तिचेच ते उलटे रूप होय. आपल्याकडील पोथीलेखकाचे काकपद आणि पाश्चात्त्य मुद्रितशोधकाची खूण या दोन्ही एकाच आकाराच्या आहेत, हा योगायोग मोठा मनोरंजक आहे. झालेली कृती मागे घेण्याचे काम शेजारच्या 'झेड'कडे आले.

मॅकिंटॉशने या कामासाठी 'कमांड' नावाची स्वतंत्र कळ ठेवली. इतर यंत्रांवर मात्र अशी कळ नव्हती. तेथे 'कंट्रोल' हीच कळ होती, आणि तिला स्वतःचा जुना इतिहास होता. तारयंत्राच्या काळी यंत्राला सूचना देण्यासाठी ती योजली गेली. कंट्रोल आणि सी मिळून जो संकेत होतो, त्याचा क्रमांक तीन. अमेरिकन संकेतमालेनुसार त्याचा अर्थ 'मजकूर संपला' असा. पुढे युनिक्ससारख्या प्रणालींत हाच संकेत चालू काम तत्काळ थांबविण्यासाठी रूढ झाला. म्हणून लिनक्सच्या आज्ञापटलावर एखाद्याने नक्कल करण्याच्या हेतूने कंट्रोल-सी दाबले, तर नक्कल होत नाही; उलट चाललेला कार्यक्रम मध्येच बंद पडतो. तेथे 'शिफ्ट' ही तिसरी कळ जोडावी लागते. युनिक्सच्या वाटेवर आणखी एक रीत आहे: मूषकाने मजकूर निवडला, की तोच नक्कल झाला असे समजावे आणि मधले बटण दाबून तो उमटवावा.

आयबीएम कंपनीने १९८७ साली आपली निराळी संहिता जाहीर केली. तीत नक्कल करण्यासाठी कंट्रोल आणि 'इन्सर्ट', चिकटविण्यासाठी शिफ्ट आणि 'इन्सर्ट', कापण्यासाठी शिफ्ट आणि 'डिलीट' अशी योजना होती. विंडोजने प्रथम हीच वाट धरली, आणि १९९२ च्या सुमारास मॅकिंटॉशची अक्षरे कंट्रोल कळीबरोबर स्वीकारली. मात्र जुनी रीतही काढून टाकली नाही. अनेक ठिकाणी ती अद्याप चालते. विंडोजच्या आज्ञापटलाने तर २०१५ पासून मोठी समंजस तडजोड केली. मजकूर निवडलेला असेल तर कंट्रोल-सी म्हणजे नक्कल, आणि निवडलेला नसेल तर काम थांबविण्याची आज्ञा. माणसाची सवय मोडण्याऐवजी यंत्राने प्रसंग ओळखावा, असे हे धोरण आहे.

देवनागरीत लिहिणाऱ्यासाठी हा प्रश्न आणखी एका अंगाने येतो. भारतीय भाषांसाठी १९८६ साली सरकारी पुढाकाराने 'इनस्क्रिप्ट' ही कळरचना ठरली, आणि १९९१ साली तिला भारतीय मानकात स्थान मिळाले. या रचनेत सी-च्या कळीवर 'म' आहे, व्ही-च्या कळीवर 'न', आणि एक्स-च्या कळीवर अनुस्वार. तरीही मराठी लिहीत असताना कंट्रोलबरोबर ती 'म'ची कळ दाबली, तर नक्कलच होते. वर अक्षर कोणतेही असो, जागेचा संकेत तोच राहतो. बोट सरावाने जेथे जाते, तेथे काम होते.

परंतु नक्कल झाली म्हणजे मजकूर पोचला, असे नव्हे. उत्तर भारतातील कचेऱ्यांत अनेक वर्षे 'कृतिदेव' नावाचा टंक वापरला गेला. त्याची घडण जुन्या टंकलेखनयंत्रावरून घेतलेली आहे. त्यात 'हिन्दी' हा शब्द पडद्यावर नीट दिसतो. पण यंत्राच्या पोटात तो एफ, जी, यू, एन, एच अशी रोमन अक्षरेच असतो. तेथून तो उचलून युनिकोडच्या पानावर चिकटविला, तर देवनागरीचा मागमूस उरत नाही. ती पाच रोमन अक्षरे तेवढी समोर येतात. एखाद्याच्या अर्जाचा, निकालाचा वा फेरफाराचा मजकूर असा निरर्थक झाला, तर तो पुन्हा टंकित करावा लागतो, आणि पुन्हा टंकित करताना नावात वा आकड्यात चूक झाली, तर ती त्या माणसाला भोवते.

वरच्या उदाहरणात एक बारकावा आहे. त्या पाच अक्षरांत पहिले 'एफ' म्हणजे पहिली वेलांटी, आणि 'ह' तिच्या मागून. टंकलेखनयंत्रावर वेलांटी आधी ठोकावी लागे, कारण ती व्यंजनाच्या डावीकडे लिहिली जाते. उच्चारात मात्र व्यंजन आधी आणि इकार नंतर. या अडचणीवर उपाय शोधण्यासाठीच लखनौ शहरात मोठा विचारविनिमय झाला होता. उत्तर प्रदेश सरकारने १९४७ साली आचार्य नरेन्द्र देव यांच्या अध्यक्षतेखाली लिपिसुधार समिती नेमली, आणि नोव्हेंबर १९५३ मध्ये डॉ. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखाली लखनौत देवनागरी लिपिसुधार परिषद भरली. पहिली वेलांटीही दुसरीप्रमाणे उजवीकडेच द्यावी, फक्त तिचा दंड अपुरा ठेवावा, असे तेथे ठरले. हेतू उत्तम होता, आणि विचार करणारी माणसेही थोर होती. परंतु पिढ्यान् पिढ्यांच्या हाताला आणि डोळ्यांना ते वळण मानवले नाही. काही वर्षांतच तो निर्णय सोडून द्यावा लागला, आणि वेलांटी आपल्या डावीकडच्या जागी परतली.

त्यानंतर हा प्रश्न निराळ्या मार्गाने सुटला. इनस्क्रिप्ट आणि युनिकोड यांत व्यंजन आधी, वेलांटी नंतर, असा उच्चाराचाच क्रम आहे. पडद्यावर मात्र ती डावीकडेच दिसते. परिषदेला जे पाहिजे होते ते अशा रीतीने मिळाले, पण त्यासाठी कोणाला आपले अक्षर बदलावे लागले नाही. यंत्राने आपली सोय आपल्या पोटात ठेवली आणि माणसाची रीत त्याच्या हाती राहू दिली.

कळांच्या संकेतांचा इतिहासही हेच सांगतो. जो संकेत संपादकाच्या कात्रीवरून आणि मुद्रितशोधकाच्या खुणेवरून घेतला गेला, तो जगभर टिकला. इन्सर्ट कळीची योजना अशी कोणत्याच ओळखीच्या खुणेला धरून नव्हती, ती मागे पडली. देवनागरीतील जुना मजकूर आज युनिकोडमध्ये आणला जात आहे. ते काम करताना लखनौच्या या अनुभवाचे स्मरण ठेवणे हिताचे ठरेल. नियम करणाऱ्याने आधी लिहिणाऱ्याचा हात पाहावा. कारण कायद्याने लादलेली खूण कागदावर राहते, आणि हाताला पटलेली खूण पुढच्या पिढीच्या बोटांत उतरते.