कुमारवयातील आहार : परीक्षण मुलांनीच करावे

“डॉक्टरसाहेब, हा घरचं काही खातच नाही. तुम्हीच सांगा याला!” इंदूरमधल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य कानी पडले नाही असा आठवडा जात नाही. आई बोलत असते, वडील मान डोलावत असतात आणि ज्याच्याविषयी हे चालले आहे तो चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा भिंतीवरील लसीकरणाचा तक्ता वाचत असतो. अनेक वर्षे मीही ‘सांगत’ आलो. त्या सांगण्याचा उपयोग किती होतो आणि अपाय किती होऊ शकतो, हे मला एका मुलीने शिकविले.

चौदा वर्षांची ती मुलगी ताप-खोकल्यासाठी आली होती. काट्यावरील आकडा पाहून मी तिच्या आईसमोर सहज बोलून गेलो, “बेटा, वजन जरा आवरायला हवं.” सात महिन्यांनी ती पुन्हा आली ती चक्कर येते म्हणून. वजन नऊ किलोने उतरले होते, नाडी मंद होती आणि तीन महिने पाळी आलेली नव्हती. शाळेचा डबा ती मैत्रिणींना वाटून टाकीत असे व घरी ‘खाल्ला’ म्हणून सांगे. मानसोपचारतज्ज्ञ व आहारतज्ज्ञ यांच्या साहाय्याने ती सावरली. पण त्यास वर्ष लागले. माझे ते एक वाक्यच सर्वस्वी कारणीभूत होते असे नाही. तथापि प्रारंभ तेथून झाला, हे तिनेच मला सांगितले. त्यानंतर मी माझी पद्धत बदलली.

या वयाची गरज

प्रौढ वयातील वजनाचा जवळजवळ निम्मा आणि उंचीचा १५ ते २० टक्के भाग कुमारवयातच भरून निघतो. हाडांतील कॅल्शियमचा साठाही मुख्यतः याच वर्षांत होतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वयाच्या मुलीस रोज ३० मिलिग्रॅम व मुलास २२ मिलिग्रॅम लोह हवे. कॅल्शियम दोघांनाही १००० मिलिग्रॅम. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली व ३१ टक्के मुलगे रक्तक्षयग्रस्त आढळले. यात खात्यापित्या घरांतील मुलेही असतात, हे आपण सर्व चिकित्सक रोज पाहतो.

एका आठवड्याची वही

आता मी मुलाला उपदेश करीत नाही. एक लहान वही ठेवायला सांगतो. सात दिवस, चार रकाने : वेळ, काय खाल्ले, कोठे व कोणाबरोबर, आणि त्या वेळी खरोखर भूक होती का. कॅलरी मोजायच्या नाहीत, वजन लिहायचे नाही. आईवडिलांना एकच पथ्य : वही उघडायची नाही. आठव्या दिवशी पालकांना थोडा वेळ बाहेर बसवून मी मुलालाच ती वाचावयास सांगतो आणि काही प्रश्न विचारतो. दोन खाण्यांमधील सर्वांत मोठे अंतर कोणते? दूध-दही किती दिवस दिसते? डाळ, उसळ वा अंडे? पालेभाजी आणि फळ? चहा केव्हा केव्हा? भूक नसताना खाल्ले ते का?

दहावीतील एका मुलाने असे वाचता वाचता स्वतःच बोट थांबविले. रात्रीचे जेवण दहाला, सकाळी सहाला फक्त चहा, मग साडेदहाच्या सुट्टीत समोसा. “म्हणजे साडेबारा तास मी काहीच खात नाही! म्हणूनच दुसऱ्या तासाला झोप येते.” उपायही त्यानेच सुचविला : दप्तरात भाजलेले चणे व गूळ आणि निघण्यापूर्वी एक केळे. कोचिंगबाहेरील शीतपेय त्याने आठवड्यातून एकदाच घेण्याचे ठरविले. अशा ३०० मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमहून अधिक साखर असते, एवढेच मी सांगितले होते. सराफ्यातील चाटेवर मी बंदी घातली नाही. ती घालून टिकतही नाही.

आपल्याच ताटातील उपाय

इंदुरी पोह्यांवर लिंबू पिळण्याची रीत उत्तम आहे. क जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह अधिक शोषले जाते. त्याच पोह्यांबरोबरचा चहा मात्र शोषणास अडथळा आणतो. म्हणून चहा खाण्यानंतर तासाभराने घ्यावा. शेव वर्ज्य नाही, पण प्रत्येक पदार्थावर मूठभर शेव म्हणजे मीठ व तेल यांची नकळत भर. लोखंडी कढईतील पालेभाजी, मोडाची उसळ, तीळ, नाचणी, ज्वारीची भाकरी हे आपल्या घरांना परके नाही. थालीपीठ तर डब्यात सहज जाते.

सहव्यवसायी मित्रांसाठी

वही प्रत्येकास देऊ नये. वजन झपाट्याने उतरलेले, पाळी थांबलेली, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाण्याची वा उलटी करण्याची सवय, आरशाचे अतिवेड यांपैकी काही आढळल्यास नोंदी ठेवणे घातक ठरू शकते. तेथे प्रथम तपासणी व तज्ज्ञांचा सल्ला हवा. वजनाचा विचार भारतीय बालरोग अकादमीच्या २०१५ च्या आलेखांवर, उंचीसह करावा. नुसत्या नजरेने करू नये. मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असल्यास लोहाच्या गोळ्या लागतातच. आहार त्यांना पूरक आहे, पर्याय नव्हे. आणि मुलाच्या देहाविषयी शेरा त्याच्या आईवडिलांसमोर कधीही मारू नये.

पालकांना माझी विनंती एवढीच की, दिवसातील एक जेवण सर्वांनी एकत्र, दूरदर्शन व मोबाइल बंद ठेवून घ्यावे आणि त्या वेळी गुणांची व वजनाची चर्चा करू नये. मुलाने वहीतून जो एक बदल ठरविला असेल, तो महिनाभर त्याला करू द्यावा. दुसरा आपण सुचवू नये. ती मुलगी आज महाविद्यालयात आहे. मागील दिवाळीत ती फराळाचा डबा घेऊन भेटावयास आली. त्यातील एक चकली तिने माझ्यासमोर बसून खाल्ली, आणि मी वजनाच्या काट्याकडे पाहिलेही नाही.